छातीतली शिट्टी

जोरात पळालं की दम लागतो. त्यात नवल काही नाही, थोडा वेळ बसलं की तो जातो. माझा जात नसे. मी बसलो की उलट वाढत असे. श्वास आत जायचा, पण बाहेर यायला वाट सापडत नसल्यासारखा छातीत कोंडून राहायचा, आणि मग आतून बारीक शिट्टी वाजायला लागायची. याला काही कारण असेल, ते कुणाला तरी विचारता येईल, असं लहानपणी मला कधी वाटलं नाही. गावात विचारणार तरी कुणाला? आमच्या घरात मी पहिलाच कॉलेजात गेलेला. आबांना सही येत नाही, माय पाटीवरची अक्षरं पुसताना आधी नमस्कार करायची. तेव्हा या शिट्टीबद्दल जे ठरवायचं ते तालमीत ठरलं, आणि आमच्या वस्तादांनी ठरवलं. ते सगळं नीट सांगता येईल की नाही, मला खात्री नाही. जमेल तसं सांगतो.

आमचं गाव वाटूरच्या बाजूला. गावाच्या कडेला मारुतीचं देऊळ आणि देवळाला लागून तालीम. तालमीचं दार इतकं बुटकं की मोठ्या माणसाला वाकूनच आत शिरावं लागे. खिडकी एकही नव्हती. घामाच्या अंगाला वारं लागता कामा नये, हा वस्तादांचा पहिला नियम होता. आमच्याकडची काळी माती कुस्तीला चालत नाही, ती चिकटते आणि वाळली की भेगाळते. म्हणून लांबून गाडीनं तांबडी माती आणलेली असे. तिच्यात ताक, तेल, हळद आणि कापूर कालवायचे. रोज पोरांनी ती कुदळीनं खणून भुसभुशीत करायची. खणताना इतकी बारीक धूळ उडे की समोरच्याचे पाय दिसत पण तोंड दिसत नसे. मग मारुतीच्या तसबिरीपुढे निखाऱ्यावर लोबान टाकलं जाई, दाराला गोणपाट सोडलं जाई आणि जोर-बैठका सुरू होत.

वस्ताद तरुणपणी हैदराबादेला एका जागीरदाराच्या पदरी पैलवान होते. तिथून ते मोडलेले कान आणि बोलण्यातले बरेच उर्दू शब्द घेऊन परत आले होते. लग्न केलं नव्हतं. गावात कुणाचं हाड सरकलं, कुणाच्या बैलानं लाथ मारली, तर आधी त्यांच्याकडे जायचं. त्यांचा हात लागला की दुखणं निम्मं कमी होतं असं लोक म्हणत, आणि ते खरं होतं.

मी बारीक होतो म्हणून आबांनी मला त्यांच्याकडे नेऊन सोडलं. "हाडं हायेत, त्याच्यावर मांस चढवा," आबा म्हणाले. वस्तादांनी माझा दंड चिमटीत धरून पाहिला. "मांस चढंल. डोकं हाय का?" त्यांनी विचारलं. डोकं होतं बहुतेक, कारण डाव मला एकदा दाखवला की समजत असे. माझ्याहून दुप्पट वजनाचा धनगराचा एक पोरगा माझा जोडीदार होता. त्याला मी पहिल्याच पावसाळ्यात खाली घ्यायला लागलो. वस्ताद फारसं कुणाचं कौतुक करत नसत. पण मी एखादा डाव बराबर टाकला की मांडीवर हलकी थाप मारून म्हणायचे, "हां, असं." त्या दोन शब्दांसाठी मी पहाटे उठून जात असे. शाळेत मास्तरांनी शाबास म्हटलेलं मला इतकं आठवत नाही.

आणि मग शिट्टी सुरू झाली.

पहिल्यांदा ती लढतीत आली. जोर झाले, बैठका झाल्या, तोवर ठीक होतं. लढत चांगली रंगात आली होती. एकाएकी कुणी छातीवर जातं ठेवावं तसं झालं. गळ्याशी खवखव, मग खोकला, मग ती शिट्टी. मी हात सोडून भिंतीला टेकलो. जोडीदार घाबरला नाही, हसला.

"परतूरची गाडी आली रे, बाजूला व्हा," तो म्हणाला. परतूरला रेल्वेचं स्टेशन आहे. त्या दिवसापासून माझी छाती वाजली की सगळे गाडी आली म्हणायचे. मीही हसायचो. हसलं की आणखी खोकला यायचा.

वस्ताद मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्या पाठीला कान लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "वारं शिरलंय. छातीत थंड वारं शिरून बसलंय. ते काढाया लागंल."

आता मी जे लिहिणार आहे ते वाचून कुणी त्यांना हसू नये अशी माझी विनंती आहे. त्यांनी जे केलं ते मायेनं केलं, आणि त्यांच्या जागी आमच्या गावातल्या कुणीही तेच केलं असतं. दाराला एक गोणपाट होतं, त्यांनी दुसरं लावलं, खालच्या फटीत चिंध्या कोंबल्या. शेगडी मारुतीपुढून उचलून कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला, माझ्या बाजूला आणली. लोबान आधी चिमूटभर टाकत, आता मूठभर टाकू लागले. लढतीच्या आधी मला शेगडीपुढे बसवून डोक्यावरून घोंगडी टाकायचे आणि बाहेरून म्हणायचे, "लांब श्वास घे, बेटा. आत जाऊ दे. धुरानं वारं पळतं." मी लांब श्वास घ्यायचो. डोळ्यांतून पाणी यायचं, घशात जळजळ व्हायची. घोंगडी काढली की ते माझं तोंड स्वतःच्या उपरण्यानं पुसायचे आणि विचारायचे, "मोकळं वाटतं न्हवं?" मी हो म्हणायचो. मला खरंच वाटायचं की थोडं मोकळं वाटतंय. त्यांनी इतकं केल्यावर वाटायलाच हवं होतं.

माती खणायचं कामही त्यांनी मलाच जास्त दिलं. खणण्यानं छाती रुंद होते, असं ते म्हणत. मी खणायचो, धूळ खायचो, धूर घ्यायचो आणि मग लढायचो. शिट्टी वाढत गेली.

शेतात असं होत नसे. आबांबरोबर कोळपायला गेलो, उधळलेल्या गोऱ्ह्यामागे बांधाबांधानं पळालो, तर दम लागे पण बहुधा लवकर निवे. थंडीत फार पळालो तर कधीतरी छाती आवळायची, पण तालमीइतकी नाही. एकदा वस्तादांनी मला असं पळताना पाहिलं. संध्याकाळी तालमीत त्यांनी मला जवळ बोलावलं.

"आज गोऱ्हा धरला न्हवं तू?"

"हो."

"मंग तव्हा कशी न्हाई वाजली तुझी गाडी?"

जोडीदार लंगोट कसत होता, तो म्हणाला, "वस्ताद, गोऱ्हा काय डाव टाकतो का? याला मातीची भीती हाय. माती दिसली की छाती वाजती."

सगळे हसले. वस्तादांनी त्याला गप्प बस म्हटलं. पण माझ्याकडे त्यांनी जरा निराळ्या नजरेनं पाहिलं, आणि ती नजर मला आजही आठवते. ती रागाची मुळीच नव्हती. एखाद्या चांगल्या बैलाच्या पायात काही दोष तर नाही ना, असं पाहतात तशी होती.

पुढच्या चैत्रात दुसऱ्या एका गावच्या जत्रेत कुस्त्या होत्या. आमच्या गावचा कुणी तिथल्या आखाड्यात उतरून कित्येक वर्षं झाली होती. वस्तादांनी माझं नाव दिलं. तेव्हा मी जालन्याला हायस्कुलात होतो आणि सुट्टीला आलो होतो. जोड लावली होती घनसावंगीकडच्या एका पोराशी. गोदाकाठचा, उसाच्या मळ्यातला, अंगानं भरलेला. "ताकदीला लागू नकोस. तो ढिला हाय खालून," वस्ताद मला वाटभर समजावत होते. गाडीत लोबानाची पुडी आणि शेगडीही घेतली होती त्यांनी.

आखाड्यापाशी पोचल्यावर त्यांनी गाडीच्या मागच्या बाजूला मला बसवलं, घोंगडी टाकली आणि धूर दिला. नेहमीपेक्षा जास्तच दिला, कारण आज मैदान उघडं होतं आणि वारं होतं. बाहेर हलगी वाजत होती. घोंगडीच्या आत मला तिचा आवाज आणि वस्तादांचा आवाज, दोन्ही ऐकू येत होते. "आज गावाकडं बघू नको, माझ्याकडं बी बघू नको. फकत त्याच्या पायाकडं बघ."

मी त्याच्या पायाकडे बघितलं. वस्तादांचं म्हणणं खरं होतं, तो खालून ढिला होता. थोडी खडाखडी झाली, त्यानं मला दोनदा रेटलं, मग मी आत शिरून त्याचा पाय धरला आणि त्याला खाली घेतलं. वरून कब्जा पक्का झाला. लोक ओरडायला लागले. आता फक्त त्याला उलटा करायचा होता. एवढंच राहिलं होतं. त्याची मान माझ्या हातात होती आणि तो वळत होता, हे मला हाताला कळत होतं.

आणि छाती बंद झाली.

तालमीत भिंत होती, इथे टेकायला काही नव्हतं. मी आणखी थोडा वेळ धरून ठेवलं. डोळ्यांपुढे पांढरं पांढरं यायला लागलं. आपण इथंच मरणार असं मला अगदी स्वच्छ वाटलं, आणि मी हात सोडले. उठलो. तो अजून खालीच होता, त्याला कळलंच नाही काय झालं. मी आखाड्याबाहेर चालत आलो आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा राहिलो.

कुस्तीत पडणं वाईट नसतं. मोठमोठे पडतात आणि लोक त्यांनाही फेटा बांधतात. पण वरचढ असताना, अंगाला काही न लागता, पैलवान उठून चालायला लागला, असं कुणी पाहिलेलं नव्हतं. मग बोलणी सुरू झाली. "अरे, शाळेची घंटा झाली वाटतं." "माय आठवली जनू." "पाणी पाजा रे त्याला, पाणी." मला सगळं ऐकू येत होतं, पण उत्तर द्यायला श्वास नव्हता.

वस्ताद माझ्याजवळ आले. त्यांच्या हातात माझे कपडे होते.

"घाल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी तालमीत गेलो तेव्हा त्यांनी मला दारातच थांबवलं. रागावले नव्हते. म्हणाले, "तू शाळा शिक. तुझं डोकं चांगलं हाय." आणि गोणपाट सोडून आत गेले. ते मला भित्रा समजत होते. त्यांनी तसं कधी तोंडानं म्हटलं नाही, पण ते तसं समजत होते, आणि मी स्वतःही हळूहळू तसंच समजायला लागलो.

मी औरंगाबादला कॉलेजात गेलो त्यात या गोष्टीचा वाटा असावा. गावात राहायला नको, एवढंच तेव्हा मनात होतं. कॉलेजात वसतिगृहाच्या मुलांना हिवाळ्यात पहाटे मैदानाला फेऱ्या घालाव्या लागत. तिथे ना माती होती, ना कुणी प्रतिस्पर्धी. भिण्यासारखं काही नव्हतंच. तरी एका गारठलेल्या पहाटे फेरी संपल्यावर मी गवतावर बसलो आणि ती ओळखीची शिट्टी सुरू झाली. व्यायामाच्या शिक्षकांनी मला सरकारी दवाखान्यात पाठवलं.

डॉक्टर वयस्क होते, उर्दूत बोलत. त्यांनी छातीला नळी लावली, मग मला दवाखान्याचा जिना भराभर चढायला-उतरायला लावला आणि पुन्हा ऐकलं. मग खूप प्रश्न विचारले. कधी होतं, कशानं वाढतं, आधी व्यायाम कुठे करायचास. मी तालमीचं सांगितलं. खिडक्या किती होत्या, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, एकही नाही. मग धुराचं सांगितलं, घोंगडीचं सांगितलं. त्यांनी नळी कानांतून काढली.

"बंद खोली, त्यात धूळ, त्यात धूर, आणि त्यात तू कुस्ती लढत होतास?" ते म्हणाले. "आखाड्यापर्यंत पोचलास हेच पुष्कळ झालं."

त्यांनी समजावून सांगितलं. काही लोकांच्या छातीतल्या नळ्या फार नाजूक असतात. जोराची मेहनत झाली, गार कोरडी हवा लागली, की त्या आवळतात. धुरानं आणि धुळीनं तर आणखीच. हा दम्याचाच एक प्रकार. मोकळ्या हवेत, आधी अंग सावकाश तापवून, मध्ये थांबत व्यायाम केला तर तुलाही पुष्कळ काही करता येईल, म्हणाले. छाती आवळायला लागली की मात्र लाज न धरता थांबायचं. मी त्यांना विचारलं, भीतीनं असं होतं का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा त्यांना कळलं असावं की हा प्रश्न नुसता आजाराचा नाही.

"भीतीनं काळीज धडधडतं," ते म्हणाले. "तुझं हे तसं नाही."

दवाखान्यातून बाहेर आलो तेव्हा मी रस्त्यावर स्वतःशीच हसत होतो. आपल्याला दमा आहे हे ऐकून इतका आनंद झालेला दुसरा माणूस त्या दवाखान्यानं पाहिला नसेल. मला एकच दिसत होतं. सुट्टी लागताच घरी जायचं आणि वस्तादांना सांगायचं.

गेलो. आगगाडीत मी ते वाक्य पुन्हा पुन्हा जुळवत होतो. दुपारची वेळ होती. वस्ताद तालमीच्या दारात बसून अंबाडीचा दोर वळत होते. तालमीत आता पोरं कमी येत होती. ते वाळले होते, डोळ्यांनीही कमी दिसत असावं, कारण मी अगदी पुढे जाईपर्यंत त्यांनी ओळखलं नाही.

"लई दिसानी आल्ता," ते म्हणाले. "काय शिकून राह्यला तिकडं?"

"इतिहास घेतलाय."

"राजे-रजवाड्यांचा?"

"हो."

"त्यात पैलवान असत्यात का?"

"थोडे."

"थोडेच राह्यले आता," ते म्हणाले आणि पायाच्या अंगठ्यात दोर ताणून धरला. "बस."

मी बसलो. जुळवलेलं वाक्य आठवेना. मग नुसतं म्हणालो, "वस्ताद, जत्रेत मी भ्यालो नव्हतो."

त्यांचे हात थांबले. मी सांगत सुटलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच सगळं. जमिनीवर धूळ होती, तिच्यात काडीनं छातीतल्या नळ्या काढून दाखवल्या, त्या कशा आवळतात तेही दाखवलं. मला तेव्हा फार उत्साह आला होता. शिकलेल्या माणसानं गावात येऊन काहीतरी समजावून सांगावं, अशी माझी फार दिवसांची हौस होती, तीही त्यात असेल.

"आणि धुरानं ते वाढतं," मी म्हणालो.

"कोनत्या धुरानं?"

"कोणत्याही. चुलीच्या, निखाऱ्याच्या." मग जरा थांबून म्हणालो, "लोबानाच्याही."

त्यांनी आत मारुतीच्या तसबिरीकडे मान वळवली.

"लोबान देवाम्होरं जळतं," ते म्हणाले.

"हो."

"दर्ग्यात बी जळतं. हजारो लोक बसत्यात."

"त्यांना काही होत नाही, वस्ताद. माझ्यासारख्या एखाद्यालाच होतं. नळ्या नाजूक असल्या तर."

"लहान लेकराला बी होतं का?"

"होतं. उलट लहान मुलांना जास्तच त्रास होतो," मी चटकन म्हणालो. परीक्षेत उत्तर येत असलं की बोलतो तसा. आणि बोलून झाल्यावर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

त्यांच्या भावाचं एक मूल होतं. भाऊ-भावजय तापाच्या साथीत गेले, तेव्हा वस्तादांनीच ते सांभाळलं. मी तालमीत जाण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. मायनं मला एकदा सांगितली होती. त्या लेकराची छाती सारखी भरायची. वस्ताद त्याला मांडीवर घेऊन बसायचे, दार लावून, वारं येऊ नये म्हणून फटी बुजवून, पुढ्यात लोबान. ते मूल त्यांच्या मांडीवरच गेलं. इतकं कुणी आईनंही केलं नसतं, असं माय म्हणायची.

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी मी काडीनं नळ्या काढत बसलो होतो.

"त्याची बी शिट्टी वाजायची," वस्ताद म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. "तुझ्यासारखीच. बराबर तशीच."

"वस्ताद, त्याचं निराळं असेल."

"तू तर आता म्हनला, लहान लेकराला जास्त."

"डॉक्टरांनी मला तपासलं. त्याला कुठं तपासलं?"

"खरं सांग. तू कालिजात जातो. खरं काय हाय ते तुला ठावं." त्यांच्या हातातला दोर उलगडत चालला होता आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. "माझ्या हातानं झालं का ते?"

मी पायानं जमिनीवरचं चित्र पुसलं. इतकं आठवतं. दुसरं काय बोलता आलं असतं ते मी नंतर पुष्कळदा शोधलं. एखादा समजदार माणूस असता तर त्याला सापडलं असतं. मला त्या क्षणी एकच सापडलं.

"नाही," मी म्हणालो. "डॉक्टर असं काही म्हणाले नाहीत. धुराचं मीच जोडलं."

"कशापाई?"

"मी भ्यालो होतो, वस्ताद. जत्रेत. ते कबूल करायची लाज वाटत होती, म्हणून हे सगळं रचलं."

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. डोळे अधू झाले होते, तरी मला खाली बघावंसं वाटलं. खाली बघितलं तेच बरं झालं. खोटं बोलणाराही खाली बघतो आणि लाजलेलाही; त्यांना लाजच दिसली असावी.

"भ्यालता व्हय," ते म्हणाले.

"हो."

"मला वाटलंच होतं." त्यांनी लांब श्वास सोडला आणि उलगडलेला दोर पुन्हा हातात घेतला. "छाती वाजती म्हनं. अरे, डाव बराबर बसला होता तुझा. तो गडी गेलाच होता." मग हळूहळू त्यांचा आवाज सुधारला. "भ्यायचं काय त्यात? मी बी भ्यालतो. हैदराबादला पैल्या कुस्तीला जागीरदारासमोर लंगोट ओला झाल्ता माझा. लोकांना वाटलं, घाम हाय."

ते हसायला लागले. मीही हसलो. इतक्या वर्षांत त्यांनी मला स्वतःची अशी गोष्ट कधी सांगितली नव्हती. निघताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तव्हाच सांगायचं होतं, बेटा. भीतीला विलाज हाय. मी काढली असती तुझी भीती." आणि मी हो म्हणालो. त्यांच्याकडून जे ऐकायला मी औरंगाबादहून आलो होतो, त्याच्या अगदी उलट ऐकून, त्यांच्या मायेचा हात पाठीवर घेऊन मी घरी आलो.

हे तेवढ्यावर संपेल असं मला वाटलं होतं. दोन-तीन दिवसांनी आबा पारावरून घरी आले. बैल बांधले, पाय धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"तू वस्तादाला म्हनला, भ्यालो होतो म्हून?"

"हो."

"अख्ख्या पारावर सांगून राह्यले ते. पोरगं शिकलं तर खरं बोलाया लागलं, म्हनून तारीफ करून राह्यले तुझी."

तेव्हा आबांनी जे सांगितलं ते मला तोवर ठाऊकच नव्हतं. जत्रेनंतर लोकांनी त्यांना पुष्कळ छेडलं होतं. गिरणीवर, बाजाराला, कुणाच्या लग्नात. आणि आबा प्रत्येक वेळी म्हणत आले होते की माझ्या पोराची छाती बरी नव्हती, माझा पोरगा भ्यायचा नाही. एकदा ते यावरून एका सोयऱ्याशी भांडले होते आणि त्यांचं येणं-जाणं बंद झालं होतं. सगळ्या गावात एका माणसानं खरं ओळखलं होतं, डॉक्टरशिवाय, नळीशिवाय, आणि तो आमच्या घरातच होता.

"म्या लोकांशी उगंच भांडलो," आबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "खरंच भ्यालता का रे?"

आबांच्या पोटात काही राहत नाही. त्यांना सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते पारावर गेलं असतं आणि रात्रीच्या आत वस्तादांपर्यंत.

"हो, आबा," मी म्हणालो.

ते उठले. सोयऱ्याकडे दुसऱ्या दिवशी ते स्वतः भांडण मिटवायला गेले, एवढं मात्र चांगलं झालं.

वस्ताद मागच्या उन्हाळ्यात वारले. शेवटपर्यंत ते माझी तारीफ करत होते, असं माय सांगते. त्यांच्यानंतर तालीम बंद पडली. आता आबांना खरं सांगायला काही अडचण नाही, म्हणून या सुट्टीत गेलो तेव्हा मी विषय काढला. आबा मळ्यात पाणी धरत होते. मी त्यांना दवाखान्याचं सांगितलं, धुराचं सांगितलं, वस्तादांच्या भावाच्या लेकराचंही सांगितलं. वस्तादांना वाईट वाटू नये म्हणून मी भ्यालो होतो असं म्हणालो, हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फावड्यानं एका वाफ्याचं तोंड बुजवलं, दुसऱ्याचं उघडलं.

"एकदा कबूल केलंस न्हवं," ते म्हणाले. "मंग आता कशाला फिरवतो? माणूस मेल्यावर त्याच्यावर न्हाई ढकलू."

"ढकलत नाही, आबा. खरंच—"

"जाऊ दे. झालं ते झालं. भ्याला तरी माझाच हायेस तू." आणि पाणी पुढच्या वाफ्यात गेलं की नाही ते बघायला ते खाली वाकले.